साबणाचं कोडं उलगडणारे मॅकबेन : पुण्याच्या एनसीएलचे पहिले संचालक

पुणे : पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, जिल्ह्यात सगळ्यांच्या ऐकण्यातली आहे. तिचे पहिले संचालक होते जेम्स विल्यम मॅकबेन. साबण मळ कसा काढतो, या साध्या प्रश्नामागे त्यांनी उभी हयात घालवली.

मॅकबेन यांचा जन्म 1882 मध्ये कॅनडात झाला. जर्मनीत शिकून 1906 पासून ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला शिकवू लागले.

साबण म्हणजे आम्ल आणि अल्कलीचा मेळ. तेलातली आम्लं आणि कॉस्टिक सोडा यांची क्रिया झाली की साबण तयार होतो. मिश्रण तापवलं की हीच क्रिया लवकर उरकते. साबणाच्या पाण्यात अल्कली सुटी होते आणि तीच मळ काढते, असा तेव्हा बऱ्याच जणांचा समज होता. मॅकबेन यांनी मोजून दाखवलं, की ही सुटी अल्कली फारच थोडी असते.

मग मळ निघतो कसा? साबणाच्या पाण्यातून वीज चांगली वाहायची, म्हणजे त्यात विद्युतभार असलेले कण भरपूर हवेत. पण दुसऱ्या रीतीनं मोजदाद केली की कण कमीच भरायचे. 1913 मध्ये त्यांनी याचं उत्तर मांडलं : साबणाचे कण पाण्यात एकत्र येऊन झुबके करतात. या झुबक्यांना ‘मिसेल’ म्हणतात. कणाची तेलकट शेपटी आत आणि पाण्याशी जमणारं डोकं बाहेर राहतं. तेलकट मळ आत अडकतो आणि पाण्याबरोबर निघून जातो.

ही कल्पना सुरुवातीला अनेकांच्या पचनी पडली नाही. मॅकबेन मात्र मोजमापं करत राहिले. पुढे जगानं ती मान्य केली आणि 1939 मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं डेव्ही पदक मिळालं. तेव्हा ते अमेरिकेत स्टॅनफर्डला प्राध्यापक होते.

निवृत्तीनंतर, सदुसष्टाव्या वर्षी, आराम करायचा सोडून ते पुण्यात आले. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि प्रयोगशाळेची घडी नव्यानं बसवायची होती. 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते एनसीएलचं उद्घाटन झालं. 1952 पर्यंत मॅकबेन यांनी तिचा कारभार पाहिला. पुढच्याच वर्षी त्यांचं निधन झालं.

आज फवारणीच्या औषधात ‘स्टिकर’ टाकलं की थेंब पानावर पसरतो. स्टिकरमधले कणही साबणाच्याच गोत्रातले : एक टोक तेलाकडं, एक पाण्याकडं.