ऑर्लंडो मार्टिन्स

नायजेरियांतील लागोस शहरीं ८ डिसेंबर १८९९ रोजीं ऑर्लंडो मार्टिन्स यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ते इंग्लंडास गेले व व्यापारी जहाजावर खलाशी झाले. पुढें लंडनांत पोटासाठीं त्यांनीं काय केलें नाहीं? मासळीबाजारांत हमाली केली, कुस्त्या केल्या, सर्कशींत साप खेळविले. नटास ही शिदोरी कांहीं वाईट नव्हे!

१९३५ सालीं पॉल रोबसन नायक असलेल्या ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ या बोलपटांत त्यांस लहानसें काम मिळालें. आवाज भारदस्त व खर्जाचा. परंतु त्या काळच्या इंग्रजी बोलपटांत आफ्रिकन नटाच्या वांट्यास मांत्रिक, टोळीनायक वा नोकर यांपलीकडे क्वचितच कांहीं येई. १९४६ च्या ‘मेन ऑफ टू वर्ल्ड्स’ मध्यें ते मांत्रिकच झाले. आणि ज्या भूमिकेनें त्यांचें नांव झालें, ती तर जवळजवळ मुकी! ‘द हेस्टी हार्ट’ मधील ब्लॉसम हा इस्पितळांत पडलेला आफ्रिकन सैनिक. त्यास इंग्रजी कळत नाहीं. मार्टिन्स यांनीं तो आधीं लंडनच्या रंगभूमीवर व मग १९४९ च्या बोलपटांत केवळ मुद्रेनें जिवंत केला.

उतारवयांत ते मायदेशीं परतले. ‘कोंगीज हार्वेस्ट’ (१९७०) या वोले सोयिंका यांच्या नाटकावरील चित्रपटांत त्यांस अखेर आपल्याच लोकांच्या कथेंत काम करावयास मिळालें. २५ सप्टेंबर १९८५ रोजीं लागोस येथेंच ते निवर्तले.