कराचा भार कोणावर? अर्थतज्ज्ञ बाबासाहेबांचा सवाल

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. मात्र त्यांचे उच्चशिक्षण मुख्यतः अर्थशास्त्रात झाले होते. सरकार कर कोणाकडून घेते आणि कोणाला सोडते, हा त्यांच्या अभ्यासातला कळीचा प्रश्न होता.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. करशास्त्राचे नामवंत अभ्यासक एडविन सेलिग्मन हे तेथे त्यांचे प्राध्यापक होते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला, त्याला सेलिग्मन यांचीच प्रस्तावना आहे. कुळांच्या कष्टावर जगणारे जमीनदार आणि गलेलठ्ठ पगाराचे युरोपियन अधिकारी करातून सुटत होते. मिठावरचा कर आणि कारागिरांवरचा मोहतर्फा मात्र राबणाऱ्या गरिबाला छळत होता. हा अन्याय बाबासाहेबांनी या ग्रंथात उघडा केला.

फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी हाच मुद्दा सरकारपुढे ठेवला. ज्याची कमाई नाही, त्याला प्राप्तिकर लागत नाही. शेतसारा मात्र पीक येवो न येवो, भरावाच लागतो. एका एकराचा धनी असो की जहागीरदार, दर एकच. कर ऐपतीप्रमाणे असावा, हे तत्त्व शेतकऱ्याला का लागू नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

कोकणात तर सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसला होता. सरकारचा ठरलेला सारा भरून उरलेली वसुली तो स्वतःच्या घरात नेई. ही पद्धत मोडण्यासाठी बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. खोती रद्द करणारा कायदा पुढे १९४९ साली झाला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा सवाल अजून शिल्लक आहे. आजही साबणाच्या एकाच वडीवर नाका कामगार आणि कारखानदार सारखाच जीएसटी भरतात. पण मजुराच्या रोजीतून जाणारा वाटा कितीतरी मोठा असतो. जयंतीच्या मिरवणुकीत घोषणा देणाऱ्या तरुणांनी अर्थसंकल्पाच्या दिवशीही जागे राहावे. कोणता कर वाढला, तो कोणाच्या खिशातून जाणार, हे वस्तीत बसून समजून घ्यावे आणि समजावून सांगावे.