सर फिरोजशहा मेहता

(शहराच्या कारभारात नागरिकांना वाटा मिळावा, यासाठी आयुष्यभर झटणाऱ्या एका थोर पुढाऱ्याची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे मोठे रेल्वे स्थानक आहे. त्याच्या समोरच महानगरपालिकेची भव्य दगडी इमारत आहे. या इमारतीपुढे एक पुतळा उभा आहे. रोज हजारो लोक या पुतळ्याजवळून ये-जा करतात. हा पुतळा सर फिरोजशहा मेहता यांचा आहे. महानगरपालिकेच्या दारात त्यांचाच पुतळा का बरे उभारला असेल?

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८६४ साली ते पदवीधर झाले. पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांना दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला. इंग्लंडमधील अनेक शहरांचा कारभार तेथील रहिवाशांनी निवडलेली माणसे चालवत असत. ही गोष्ट फिरोजशहांच्या लक्षात आली. १८६८ साली ते बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले.

त्या वेळी मुंबई झपाट्याने वाढत होती. कापसाच्या व्यापारामुळे आणि गिरण्यांमुळे दूरदूरची माणसे येथे येत होती. पण गल्ल्या अरुंद होत्या. गटारे उघडी होती. रोगराई वारंवार पसरत असे. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड हे शहराचे म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांनी रस्ते रुंद केले, गटारे बांधली आणि मोठी मंडई उभारली. हीच मंडई पुढे क्रॉफर्ड मार्केट म्हणून प्रसिद्ध झाली. आज तिला महात्मा जोतिबा फुले मंडई असे नाव आहे.

क्रॉफर्ड कामाला वाघ होते. पण खर्च करताना त्यांचा हात आखडत नसे. त्यामुळे शहराची तिजोरी रिकामी झाली. करांचे ओझे लोकांना असह्य वाटू लागले. १८७१ साली लोकांचा राग अनावर झाला. घरमालक आणि व्यापारी सभा घेऊ लागले. साऱ्यांचे बोट क्रॉफर्डकडे होते. हा माणूस गेला की सगळे सुरळीत होईल, असे बहुतेकांना वाटत होते.

फिरोजशहा तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते. त्यांनी या प्रश्नाचा खोलवर विचार केला. कमिशनरवर देखरेख कोणाची होती? ती जस्टिस ऑफ द पीस म्हणून नेमलेल्या प्रतिष्ठित गृहस्थांची होती. पण या गृहस्थांना सरकार नेमत असे. ज्यांच्या खिशातून कराचा पैसा जात होता, त्या नागरिकांना त्यांची निवड करता येत नव्हती. मग हे गृहस्थ नागरिकांना हिशोब का देतील? कमिशनर बदलला, तरी हा दोष तसाच राहणार होता.

नोव्हेंबर १८७१ मध्ये एका सभेत फिरोजशहांनी या विषयावर निबंध वाचला. क्रॉफर्ड यांचा खर्च अवाजवी होता, हे त्यांनी मान्य केले. पण त्यांनी केलेल्या चांगल्या कामाचे श्रेयही त्यांना दिले. खरा उपाय माणूस बदलण्यात नसून पद्धत बदलण्यात आहे, असे त्यांनी सांगितले. कर भरणाऱ्यांनी आपले प्रतिनिधी स्वतः निवडावेत आणि त्या प्रतिनिधींनी अधिकाऱ्याच्या कामावर लक्ष ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. संतापलेल्या लोकांना हे बोलणे आवडले नाही. क्रॉफर्डविषयी एकही चांगला शब्द ऐकण्याची त्यांची तयारी नव्हती. पण लोकांना काय आवडेल हे न पाहता फिरोजशहांनी त्यांच्या हिताचे तेच सांगितले.

१८७२ साली मुंबईसाठी नवा कायदा झाला. नगरपालिकेत ६४ सभासद असावेत असे ठरले. त्यांपैकी ३२ सभासद, म्हणजे बरोबर निम्मे, करदात्यांनी निवडून द्यायचे होते. अर्थात, तेव्हा ठरावीक रकमेपेक्षा अधिक कर भरणाऱ्यांनाच मत देता येई. गरिबांना मताचा अधिकार नव्हता. तरीही बंद दार थोडेसे किलकिले झाले होते.

फिरोजशहा सुमारे चार दशके नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी अध्यक्षपदही अनेकदा भूषवले. त्यांची वकिली जोरात चालली होती. तरीही नगरपालिकेच्या कामाला त्यांनी कधी कमी लेखले नाही. पाणी, गटारे, दवाखाने, शाळा हे प्रश्न त्यांना किरकोळ वाटत नसत. प्रत्येक प्रश्नाचा ते कसून अभ्यास करत. कागदपत्रे नीट वाचून मगच सभेत बोलत. त्यामुळे मोठमोठे इंग्रज अधिकारीही त्यांना वचकून असत.

या कामात त्यांना दोन चांगले सोबती मिळाले. एक होते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आणि दुसरे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग. एक पारशी, एक मुसलमान आणि एक हिंदू असे हे तिघे मुंबईच्या सार्वजनिक जीवनात खांद्याला खांदा लावून काम करत. १८८५ साली तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही संस्था स्थापन केली.

पुढे मुंबईच्या नगरपालिकेसाठी नवा कायदा करण्याचे सरकारने ठरवले. त्याच्या मसुद्यात अधिकाऱ्यांचा वरचष्मा होता. फिरोजशहा आणि तेलंग तेव्हा कायदेमंडळाचे सभासद होते. त्यांनी एकेका कलमावर बारकाईने चर्चा केली आणि अनेक सुधारणा घडवून आणल्या. १८८८ साली हा कायदा मंजूर झाला. शहराच्या कारभाराची मुख्य सत्ता नगरपालिकेच्या सभेकडे आली. प्राथमिक शिक्षणाची सोय करणे हे नगरपालिकेचे कर्तव्य ठरले. अनेक बदल होऊनही मुंबईच्या महानगरपालिकेचा कारभार आजही याच कायद्याच्या आधारावर चालतो.

१९०७ साली फिरोजशहांची मोठी परीक्षा झाली. त्यांचे वजन काही इंग्रज अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या मित्रांना खुपत होते. त्यांनी एकजूट करून फिरोजशहांना पाडण्याचा बेत आखला. जस्टिस मंडळींकडून १६ सभासद निवडले जायचे होते. मतमोजणी झाली. फिरोजशहांचा क्रमांक सतरावा आला! सारे शहर हळहळले. नागरिकांनी मोठी सभा भरवून आपला निषेध नोंदवला. पुढे निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड नियमबाह्य ठरली आणि ती जागा फिरोजशहांना मिळाली. मोठ्या माणसाची जागासुद्धा थोड्याशा मतांनी जाऊ शकते, हे मुंबईकरांनी त्या वर्षी पाहिले.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी फिरोजशहांचे निधन झाले. ते राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले होते. सरकारने त्यांना ‘सर’ ही पदवी दिली होती. पण मुंबईकर त्यांना मुंबईचा सिंह म्हणत. १९२३ साली त्यांचा पुतळा नगरपालिकेच्या इमारतीसमोर उभारण्यात आला.

आज अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला मताचा अधिकार आहे. त्यासाठी कर किती भरतो, हे कोणी विचारत नाही. गावात ग्रामसभा असते, शहरात नगरसेवक असतात. नळाला पाणी आले नाही किंवा गल्लीत कचरा साचला, तर आपण कुरकुर करतो. पण ग्रामसभेला किती जण जातात? नगरसेवकाला हिशोब कितीजण विचारतात? दार किलकिले करण्यासाठी फिरोजशहांना आयुष्य वेचावे लागले. आता ते सताड उघडे आहे. आत पाऊल टाकणे आपल्याच हाती आहे.

शब्दार्थ
सहवास – सोबत
अनावर – आवरता न येणारा
अवाजवी – योग्य प्रमाणापेक्षा जास्त
करदाता – कर भरणारा
किलकिले – थोडेसे उघडलेले
मसुदा – कच्चा आराखडा
वरचष्मा असणे – वर्चस्व असणे
सताड – पूर्ण

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फिरोजशहा मेहता यांचा जन्म कोठे झाला?
(आ) १८७२ च्या कायद्यानुसार करदाते किती सभासद निवडून देणार होते?
(इ) फिरोजशहांचे दोन सोबती कोण होते?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) १८७१ साली मुंबईचे लोक का रागावले होते?
(आ) फिरोजशहांचे सभेतील बोलणे लोकांना का आवडले नाही?

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा.
खांद्याला खांदा लावणे, वचकून असणे, हात आखडणे

उपक्रम : तुमच्या गल्लीतील किंवा गावातील एक अडचण निवडा. ती दूर करण्यासाठी नगरसेवकांना किंवा सरपंचांना मराठीत पत्र लिहा.