वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर : तीन मृत्यूंतून उभे राहिलेले रुग्णालय

तामिळनाडूतील काटपाडी जंक्शनवर उतरणाऱ्या प्रवाशांमध्ये बंगाल, झारखंड आणि ईशान्येकडील राज्यांतून आलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक मोठ्या संख्येने असतात. हातात तपासण्यांच्या कागदांची पिशवी, सोबत अंथरूण आणि मनात अखेरची आशा घेऊन ही माणसे जवळच्या वेल्लोर शहरातील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाकडे निघतात. देशभर विश्वास कमावलेल्या या संस्थेची सुरुवात १९०० साली एका बंगल्यातील एका खाटेच्या दवाखान्याने झाली. तो दवाखाना सुरू करणाऱ्या डॉ. आयडा स्कडर यांनी तरुणपणी भारतात न राहण्याचा आणि डॉक्टर न होण्याचा निश्चय केलेला होता. तो निश्चय एका रात्रीत मोडला. त्या रात्रीची आणि त्यानंतरच्या सहा दशकांची ही कहाणी आहे.

नको असलेला वारसा

आयडा सोफिया स्कडर यांचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी तत्कालीन मद्रास इलाख्यातील राणीपेट येथे झाला. भारतातील मिशनकार्य हा त्यांच्या घराण्याचा जणू कुलाचारच होता. आजोबा डॉ. जॉन स्कडर १८१९ मध्ये अमेरिकेतून श्रीलंकेला आले आणि पुढे दक्षिण भारतात वैद्यकीय मिशनरी म्हणून त्यांनी काम केले. त्यांच्या अनेक मुलानातवंडांनी तोच मार्ग धरला. आयडा यांचे वडीलही डॉक्टर होते आणि त्यांचेही नाव जॉनच होते. पाच भावांच्या पाठीवर जन्मलेली ही धाकटी मुलगी.

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिण भारतात आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. भुकेने व्याकूळ झालेली मुले अन्नासाठी दारात येत, हे दृश्य लहानग्या आयडांनी पाहिले. पुढे कुटुंब काही काळ अमेरिकेला परतले आणि मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थफील्ड येथे त्यांचे शिक्षण झाले. तेथील मोकळे, सुखाचे आयुष्य त्यांना आवडले. बालपणी पाहिलेली उपासमार, रोगराई आणि उन्हाचा तडाखा यांकडे परत जाण्याची त्यांची इच्छा नव्हती. मात्र १८९० मध्ये आई आजारी असल्याचे कळले आणि तिची शुश्रूषा करण्यासाठी त्या तिंडीवनम येथे आल्या. हा मुक्काम तात्पुरता राहील, असेच त्यांनी गृहीत धरले होते.

तिंडीवनमची रात्र

याच मुक्कामात एका रात्री एक तरुण ब्राह्मण गृहस्थ स्कडर यांच्या दारात आला. त्याची अल्पवयीन पत्नी बाळंतपणात अडली होती. सुईणीने हात टेकले होते. आयडांनी वडिलांना सोबत नेण्याची तयारी दाखवली, परंतु परपुरुषाने पत्नीला स्पर्श करणे त्या गृहस्थाला मान्य नव्हते. त्याला आयडाच हव्या होत्या आणि त्यांना तर वैद्यकाचे काहीच ज्ञान नव्हते. तो निराश होऊन परतला. त्यानंतर एक मुस्लिम गृहस्थ आला. त्याचीही अडचण तीच आणि नकारही तोच. त्याच रात्री तिसऱ्यांदा दार वाजले तेव्हा आणखी एक उच्चवर्णीय हिंदू गृहस्थ उभा होता. त्यालाही रिकाम्या हाती परतावे लागले.

सकाळी गावातून अंत्ययात्रेच्या वाद्यांचा आवाज येऊ लागला. चौकशी केल्यावर कळले की, तिन्ही स्त्रिया दगावल्या होत्या. घरात डॉक्टर होता, औषधे होती आणि मदत करण्याची इच्छाही होती. नव्हती ती केवळ स्त्री डॉक्टर. त्या दिवशी आयडांनी आईवडिलांना आपला निर्णय सांगितला. अमेरिकेला जाऊन वैद्यकीय शिक्षण घ्यायचे आणि भारतातील स्त्रियांवर उपचार करण्यासाठी परत यायचे.

ही अडचण केवळ तिंडीवनमची नव्हती. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास स्त्रिया आणि त्यांची कुटुंबे तयार नसत आणि स्त्री डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. याच जाणिवेतून आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून पदवी मिळवली होती, परंतु प्रत्यक्ष कामाला प्रारंभ होण्यापूर्वीच पुण्यात त्यांचे अकाली निधन झाले. आनंदीबाई ज्या महाविद्यालयात शिकल्या, त्याच महाविद्यालयात १८९५ मध्ये आयडा स्कडर दाखल झाल्या. पुढे न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय स्त्रियांना खुले होताच त्या तेथे गेल्या आणि १८९९ मध्ये डॉक्टर झाल्या.

एका खाटेपासून चाळीस खाटांपर्यंत

भारतात परतण्यापूर्वी वेल्लोरमध्ये स्त्रियांसाठी रुग्णालय उभारण्याकरिता आठ हजार डॉलर जमा करण्याचे काम त्यांच्यावर सोपवण्यात आले. मुदत अगदी थोडी होती. न्यूयॉर्कमधील एका घरी त्या मदत मागण्यासाठी गेल्या असता शेजारच्या खोलीत बसलेल्या एका वृद्ध बँकमालकाच्या कानावर त्यांचे बोलणे पडले. शेल हे त्यांचे आडनाव. त्यांनी आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले.

१९०० च्या प्रारंभी डॉ. आयडा भारतात आल्या. अनुभवी वडिलांच्या हाताखाली काही वर्षे शिकता येईल, ही त्यांची अपेक्षा होती. परंतु काही महिन्यांतच वडिलांचे निधन झाले आणि नवशिक्या डॉक्टरवर सारी जबाबदारी येऊन पडली. वेल्लोरच्या बंगल्यातील एका खोलीत एक खाट टाकून त्यांनी दवाखाना सुरू केला. मदतीला प्रशिक्षित परिचारिका नव्हती. घरात काम करणाऱ्या सलोमी या स्त्रीलाच त्यांनी मलमपट्टी आणि शस्त्रक्रियेतील मदत शिकवली. लोकांचा विश्वास बसण्यास वेळ लागला. घरगुती उपाय थकल्यावरच अनेक जण त्यांच्याकडे येत आणि तोवर बराच उशीर झालेला असे. तरीही पहिल्या दोन वर्षांत सुमारे पाच हजार रुग्णांवर त्यांनी उपचार केले. १९०२ मध्ये चाळीस खाटांचे मेरी टेबर शेल स्मृती रुग्णालय सुरू झाले आणि अनेक वर्षे तेथील एकमेव शल्यविशारद म्हणून डॉ. आयडा यांनीच काम पाहिले.

रस्त्याकडेचा दवाखाना

रुग्णालय उभे राहिले, तरी खेड्यांतील गरीब तेथपर्यंत पोहोचत नव्हते. प्रवासाचा खर्च, बुडणारी मजुरी आणि रुग्णालयाविषयीची भीती यांमुळे दुखणे अंगावर काढण्याकडेच कल असे. यावर डॉ. आयडा यांनी १९०६ च्या सुमारास एक साधा उपाय काढला. आठवड्यातील ठरलेल्या दिवशी औषधांच्या पेट्या घेऊन त्या गुडियात्तमच्या रस्त्याने निघत आणि ठरलेल्या झाडाखाली थांबत. वाटेवरच्या गावांतील लोक तेथे आधीच जमलेले असत. गळू फोडणे, जखमा धुणे, डोळ्यांत औषध घालणे, दात काढणे, कुष्ठरुग्णांच्या व्रणांवर पट्टी बांधणे ही सारी कामे तेथेच, उघड्यावर होत. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज असे, त्यांना वेल्लोरला नेले जाई.

१९०९ मध्ये एक छोटी प्यूजो मोटार त्यांच्या सेवेत आली. घोड्याबैलांविना धावणारे वाहन पाहून सुरुवातीला खेड्यांतील लोक घाबरून पळत. मात्र लवकरच त्या मोटारीचा आवाज हीच डॉक्टर आल्याची वर्दी ठरली. या काळात वर्षाकाठी सुमारे चाळीस हजार रुग्ण त्यांच्याकडे उपचार घेत होते.

या कामाची प्रेरणा धार्मिक होती आणि ती कधी लपवली गेली नाही. हा दवाखाना अमेरिकेतील रिफॉर्म्ड चर्चच्या आर्काट मिशनचा भाग होता आणि उपचारांबरोबर ख्रिस्ताचा संदेश पोहोचवणे हेही मिशनचे उद्दिष्ट होते. डॉ. आयडा यांच्यासोबत आलेल्या त्यांच्या मैत्रीण अ‍ॅनी हॅनकॉक वेल्लोरमध्ये घरोघरी जाऊन धर्मप्रसाराचेच काम करीत. अशा कार्याकडे भारतीय समाजातील अनेकांनी साशंकतेने पाहिले आणि त्या शंकेला आधारही होता. परंतु डॉ. आयडा यांच्या दवाखान्यात उपचारासाठी धर्म किंवा जात यांची अट नव्हती. ज्या उंबरठ्यांवरून तीन स्त्रियांना मदत नाकारली गेली, त्याच प्रकारच्या घरांची दारे पुढे त्यांच्यासाठी उघडली. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस आणि लुधियानात डॉ. एडिथ ब्राऊन यांनी उभारलेल्या संस्था याच प्रवाहातील आहेत.

स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय

एक डॉक्टर कितीही राबला, तरी त्याला मर्यादा असतात. भारतीय स्त्रियांनाच प्रशिक्षण दिल्याखेरीज हा प्रश्न सुटणार नाही, हे डॉ. आयडा यांच्या लवकरच लक्षात आले. १९०९ मध्ये त्यांनी परिचारिकांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. त्यानंतर स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय काढण्याचा प्रस्ताव त्यांनी सरकारपुढे मांडला. मद्रासच्या वैद्यकीय खात्यातील वरिष्ठ इंग्रज अधिकाऱ्याला यश येण्याची फारशी खात्री नव्हती. जेमतेम तीन अर्ज येतील, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १५१ अर्ज आले आणि बहुतेकांना नकार कळवावा लागला.

१२ ऑगस्ट १९१८ रोजी मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या हस्ते विद्यालयाचे उद्घाटन झाले. सुरुवातीला इमारत भाड्याची, साधने अपुरी आणि शिक्षक मोजकेच होते. तरीही पहिल्या वर्षाच्या सरकारी परीक्षेत वेल्लोरच्या चौदाही विद्यार्थिनी उत्तीर्ण झाल्या. इलाख्यातील पुरुष विद्यार्थ्यांचा निकाल मात्र फारच कमी लागला होता. १९२२ मध्ये ही पहिली तुकडी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. अमेरिकेत ल्यूसी पीबॉडी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी निधी जमवला आणि वेल्लोरमध्ये नव्या इमारती उभ्या राहिल्या.

संस्थेपुढील पेच

१९३८ मध्ये मद्रास सरकारच्या धोरणाने संस्थेचे अस्तित्वच धोक्यात आले. वेल्लोरमध्ये दिली जाणारी एलएमपी ही पदविका बंद करून यापुढे केवळ एमबीबीएस पदवीचेच शिक्षण द्यावे, असे ठरले. त्यासाठी अधिक खाटा, सुसज्ज प्रयोगशाळा आणि उच्चशिक्षित प्राध्यापक हवे होते. तेवढा पैसा एकट्या महिला मंडळांना उभारणे शक्य नव्हते. त्यातच दुसरे महायुद्ध सुरू झाले. सत्तरी ओलांडलेल्या डॉ. आयडा पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि गावोगावी सभा घेऊन मदत मागू लागल्या.

यावर एक मार्ग पुढे आला. विविध ख्रिस्ती मिशनांनी एकत्र येऊन संस्था चालवावी आणि पुरुष विद्यार्थ्यांनाही प्रवेश द्यावा. स्त्रियांसाठी म्हणून उभ्या राहिलेल्या संस्थेत पुरुषांना प्रवेश देणे म्हणजे मूळ हेतूशी प्रतारणा आहे, असे अमेरिकेतील अनेक जुन्या देणगीदार महिलांना वाटले. ल्यूसी पीबॉडी यांचा या बदलाला कडवा विरोध होता. आयुष्यभराची मैत्री आणि संस्थेचे भवितव्य यांतून निवड करण्याची वेळ डॉ. आयडा यांच्यावर आली. त्यांनाही हा निर्णय सोपा गेला नाही. अखेर संस्था बंद पडण्यापेक्षा तिचे स्वरूप बदललेले बरे, हा विचार त्यांनी स्वीकारला. १९४२ मध्ये एमबीबीएस अभ्यासक्रमाला प्रारंभ झाला. कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी प्राचार्य म्हणून संस्थेची घडी बसवली आणि १९४७ मध्ये पुरुष विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. याच सुमारास संस्थेचे नेतृत्व डॉ. हिल्डा लाझरस या भारतीय स्त्री डॉक्टरकडे आले. परदेशी मिशनरीने सुरू केलेले काम भारतीय स्त्रीच्या हाती सोपवले गेले, हे त्या प्रवासाचे स्वाभाविक फलित होते.

अखेरची वर्षे

१९४६ मध्ये निवृत्त झाल्यानंतर डॉ. आयडा यांनी कोडाईकॅनॉल येथील टेकडीवरच्या घरात वास्तव्य केले. त्या अविवाहित राहिल्या. टेनिस आणि बागकाम यांची त्यांना आवड होती. त्यांची ख्याती एवढी होती की, पाकिटावर केवळ डॉ. आयडा, भारत एवढाच पत्ता असलेले पत्रही त्यांना पोहोचले, अशी आख्यायिका सांगितली जाते. २४ मे १९६० रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा काम करण्यायोग्य हात मिळवून दिले. डॉ. आयडा यांच्या पश्चात खुल्या हृदयशस्त्रक्रिया आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण या क्षेत्रांत या संस्थेने देशात आघाडी घेतली. संस्थेच्या शताब्दीनिमित्त २००० साली भारतीय टपाल खात्याने विशेष तिकीटही काढले.

मात्र तिंडीवनमच्या त्या रात्रीने विचारलेला प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. देशाच्या दुर्गम भागांत अडलेल्या गरोदर स्त्रीला वेळेत डॉक्टर मिळणे आजही अनेकदा दैवावरच अवलंबून असते आणि मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्यासाठी गरीब कुटुंबाला हजारो किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. रुग्ण दवाखान्यापर्यंत येऊ शकत नसेल, तर दवाखान्याने रुग्णापर्यंत जायचे, हे डॉ. आयडा यांनी गुडियात्तमच्या रस्त्यावर झाडाखाली उभे राहून दाखवून दिले होते. वेल्लोरच्या महाविद्यालयातील विद्यार्थी आजही आसपासच्या खेड्यांत जाऊन वैद्यकाचे धडे गिरवतात. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी त्या रस्त्यावर सुरू झालेले काम तेथे अजून थांबलेले नाही.