गणितज्ञ महावीराचार्य

प्राचीन भारतीय गणिताच्या इतिहासात आर्यभट, ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य यांच्या पंक्तीत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते महावीराचार्य हे थोर जैन आचार्य होत. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या राजवटीत (इ. स. ८१४ ते ८७८) ते होऊन गेले. अपूर्णांकांच्या गणिताला सुसूत्र शास्त्राचे रूप देण्याचे मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते.

अमोघवर्षांची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आजचे मळखेड. आदिपुराणकार आचार्य जिनसेन हे या सम्राटाचे गुरू. त्या काळी उत्तर कोकणात शिलाहार राजे राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून राज्य करीत होते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत अमोघवर्षांचा सार्वभौम म्हणून उल्लेख आहे. म्हणजे आज ज्या उल्हास नदीच्या खोऱ्यात सोनिवली, बदलापूर व अंबरनाथ ही गावे वसली आहेत, तो मुलूखही महावीराचार्यांच्या आश्रयदात्याच्याच छत्राखाली होता.

इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. आपले जन्मगाव वा माता-पिता यांविषयी त्यांनी त्यात काही लिहिले नाही. आरंभी भगवान महावीरांना वंदन, पुढे राजाची प्रशस्ती आणि मग थेट गणिताचे माहात्म्य. व्यापार असो वा वैद्यक, पाकशास्त्र असो वा वास्तुविद्या, गणितावाचून कोणतेच कार्य सिद्धीस जात नाही, हे त्यांचे प्रतिपादन. नऊ अधिकार व अकराशेहून अधिक श्लोक असलेला हा ग्रंथ ज्योतिषाचे अंग म्हणून न लिहिता केवळ गणितासाठीच लिहिला गेला, हे त्याचे वैशिष्ट्य.

ग्रंथाचा तिसरा अधिकार ‘कलासवर्ण’ हा अपूर्णांकांना वाहिलेला आहे. भिन्न छेदांचे अपूर्णांक एका छेदावर आणण्यासाठी लघुतम साधारण विभाज्य काढण्याची रीत त्यांनी दिली व त्या संख्येस ‘निरुद्ध’ असे नाव दिले. अपूर्णांकाने भागताना भाजकाचे अंश व छेद उलटवून गुणावे, हा आज प्रत्येक शाळेत शिकविला जाणारा नियमही त्यांच्या ग्रंथात आहे. उदाहरणे रोजच्या व्यवहारातील आहेत. एक पल सुंठीस ४/९ पण पडत असतील, तर ८/९ पल सुंठीस किती पडतील, असे एक उदाहरण आहे. उत्तर येते ३२/८१ पण.

एक हा पूर्ण अंक, अंशस्थानी १ असलेल्या हव्या तितक्या भागांत विभागण्याची त्यांची रीत तर विशेष प्रसिद्ध आहे. चार भाग करावयाचे असल्यास १/२, १/३, १/९ व १/१८ हे भाग येतात. त्यांची बेरीज बरोबर एक होते. कणभरही कमी नाही वा अधिक नाही.

मोठ्या संख्यांसाठी महावीराचार्यांनी चोवीस स्थानांची नावे दिली. चोविसावे स्थान ‘महाक्षोभ’. परंतु एककाच्या उजवीकडील दशांश स्थाने गणितात आली ती त्यांच्यानंतर. इ. स. ९५२ च्या सुमारास दमास्कस येथे अल्-उक्लिदिसी यांनी त्यांचा वापर केला, आणि १५८५ मध्ये सायमन स्टेव्हिन यांच्या पुस्तिकेमुळे युरोपात त्यांचा प्रसार झाला.

अपूर्णांकाचा दशांश करण्यासाठी अंशाला छेदाने भागावे लागते. अतिसंक्षिप्त रूपातील छेदाचे मूळ अवयव केवळ २ व ५ असतील, तरच हा भागाकार संपतो. १/१६ म्हणजे नेमके ०.०६२५. पण सुंठीच्या ३२/८१ चा भागाकार कधीच संपत नाही. ३९५०६१७२८ हे नऊ अंक त्याच क्रमाने अखंड फिरत राहतात. वरील चार भागही दशांशात दोन स्थळांपर्यंत घेऊन पुढचे अंक सोडले, तर ०.५०, ०.३३, ०.११ व ०.०५ मिळून ०.९९ होतात. रुपयाच्या वाटणीत एक पैसा कोणाच्याच वाट्याला येत नाही.

या प्रश्नाचा प्रत्यय साऱ्या देशाला आला तो १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली तेव्हा. पावली, अधेली यांचे पंचवीस व पन्नास नवे पैसे सरळ झाले. आण्याचे मात्र सव्वासहा होत आणि पाव पैशाचे नाणे नव्हते. सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा, तर तीन आण्यांचे एकोणीस नवे पैसे ठरले. आणा-आणा करून तीनदा दिल्यास अठरा, एकदम दिल्यास एकोणीस! पावकी-निमकी मुखोद्गत असलेल्या पिढीने हा फरक नेमका ओळखला. दशांश सोयीचा खरा. परंतु उरलेला अंश कोठे गेला हे व्यवहारी अपूर्णांकच सांगतो. वाटणी करणाऱ्याने दोन्ही भाषा जाणल्या, तरच कोणाचा हक्क नकळत बुडत नाही.

महावीराचार्यांचे सर्वच निष्कर्ष निर्दोष होते असे नाही. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, हे त्यांचे मत आज ग्राह्य नाही. मात्र ऋण संख्येस वर्गमूळ नसते, हे वास्तव संख्यांपुरते खरे असलेले विधान त्यांनी स्पष्टपणे केले.

अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत आणला. १९१२ मध्ये प्रा. एम. रंगाचार्य यांनी मद्रास येथून इंग्रजी भाषांतरासह तो प्रसिद्ध केला, आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती काढली. सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वीचे हे ज्ञानधन अशा रीतीने महाराष्ट्रातूनही समाजाच्या हाती आले.

ज्या समाजाच्या घराघरांत वही-खाते पूजिले जाते, त्या समाजाने आपल्या या गणिताचार्यांचे स्मरण ठेवणे उचितच आहे. अचौर्याचे व्रत हिशेबात उतरते, ते शेवटच्या अंशापर्यंत चोख राहण्यातूनच. महावीराचार्यांच्या स्मृतीस विनम्र वंदन!