परत आलेला अध्यक्ष

म्युनिकला नवीन आलो तेव्हा ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याने मला बायर्नची मॅच बघायला नेलं होतं. आपण सगळे क्रिकेटवर वाढलेले, फुटबॉलचं ज्ञान चार वर्षांतून एकदा येणाऱ्या वर्ल्ड कपपुरतं! स्टेडियमपाशी कुर्ट लांडाउअर या नावाची पाटी दिसली. कोणीतरी जुना मोठा खेळाडू असणार, असं समजून मी विचारलं. तर हे गृहस्थ होते क्लबचे अध्यक्ष, आणि तेही ज्यू. हे ऐकल्यावर मात्र कुतूहल वाटलं आणि मिळेल ते वाचत गेलो. तेच आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

लांडाउअर यांचा जन्म २८ जुलै १८८४ चा, म्युनिकजवळच्या प्लानेग गावातला. घर खाऊनपिऊन सुखी व्यापाऱ्याचं. बायर्न क्लब स्थापन झाला १९०० साली, आणि पुढच्याच वर्षी हा सतरा वर्षांचा मुलगा सभासद झाला. गोलकीपर म्हणून खेळला, पण खेळाडू म्हणून काही नाव झालं नाही. पुढे बँकेचं काम शिकायला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला गेला आणि परत आला. १९१३ मध्ये लांडाउअर पहिल्यांदा अध्यक्ष झाले. लगेच पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ते जर्मनीच्या बाजूने आघाडीवर लढायला गेले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

युद्धानंतर १९१९ पासून, मधला थोडा काळ सोडला तर, १९३३ पर्यंत तेच अध्यक्ष होते. तेव्हा फुटबॉल हा जर्मनीत हौशी खेळ समजला जायचा, खेळाडूला पैसे देणं नियमात बसत नव्हतं. लांडाउअर यांचे विचार मात्र काळाच्या पुढचे. त्यांनी परदेशी संघांना म्युनिकला खेळायला बोलावलं. प्रशिक्षकही बाहेरून आणले: इंग्लंडचे विल्यम टाउनली, हंगेरीचे काल्मान कोनराड आणि शेवटी व्हिएन्नाचे रिचर्ड डोंबी. पैसा दगड-विटांत घालण्यापेक्षा खेळाडूंवर खर्च करावा, हे त्यांचं धोरण. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर इमारतीपेक्षा माणसांत गुंतवणूक!

त्याचं फळ १२ जून १९३२ ला मिळालं. न्युरेंबर्गच्या अंतिम सामन्यात बायर्नने आइनट्राख्ट फ्रँकफर्टला २-० असं हरवलं आणि क्लब पहिल्यांदाच जर्मनीचा विजेता झाला. अध्यक्ष ज्यू, प्रशिक्षक डोंबीही ज्यू. म्युनिकमध्ये जोरदार स्वागत झालं.

आणि जेमतेम सात महिन्यांत हिटलर सत्तेवर आला.

२२ मार्च १९३३ ला लांडाउअर यांनी राजीनामा दिला. एप्रिलमध्ये दक्षिण जर्मनीतल्या मोठ्या क्लबांनी ज्यूंना क्लबांतून दूर करण्याच्या कामी सरकारला साथ देऊ, असं जाहीर केलं. सह्या करणाऱ्यांत बायर्नही होता. पुढे अनेक वर्षं बायर्न हा नाझींना विरोध करणारा क्लब होता असं सांगितलं जायचं, पण अलीकडच्या संशोधनातून दिसतं की चित्र इतकं स्वच्छ नव्हतं.

लांडाउअर यांची वर्तमानपत्रातली नोकरीही गेली. १० नोव्हेंबर १९३८ ला, देशभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली गेली त्यानंतर, त्यांना अटक करून डाखाऊच्या छळछावणीत टाकलं. डाखाऊ म्हणजे आपल्या म्युनिकपासून लोकल ट्रेनने अर्ध्या तासाच्या आतबाहेर! पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेला सैनिक म्हणून ३३ दिवसांनी त्यांची सुटका झाली. मे १९३९ मध्ये ते स्वित्झर्लंडला, जिनिव्हाला निघून गेले आणि वाचले. त्यांच्या चार भावंडांना, तीन भाऊ आणि एका बहिणीला, नाझींनी मारलं.

आता खरी गोष्ट. युद्ध संपल्यावर अशा माणसाने काय केलं असतं? त्या गावाकडे पुन्हा ढुंकूनही बघितलं नसतं तरी कोणी नाव ठेवलं नसतं. पण १९४७ च्या जूनमध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, लांडाउअर बेचिराख झालेल्या म्युनिकला परत आले! त्याच वर्षी पुन्हा क्लबचे अध्यक्षही झाले. १९४९ मध्ये झेबेनर स्ट्रासेवर क्लबला सरावाची जागा मिळाली. बायर्नचं मुख्य ठाणं आजही तिथेच आहे.

का परत आले असतील? एक कारण क्लब. दुसरं कारण मारिया बाउमान. त्या लांडाउअर कुटुंबाच्या घरी कामाला होत्या आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. १९३५ च्या कायद्याने ज्यू आणि इतर जर्मन यांच्यातल्या लग्नाला बंदी घातली. मग सीमेच्या दोन बाजूंनी पत्रं लिहीत त्यांनी ती वर्षं काढली. लग्न झालं ते १९५५ साली, वराचं वय सत्तर!

त्याआधीच, १९५१ च्या निवडणुकीत, क्लबने त्यांना अध्यक्षपदावरून घरी बसवलं होतं. २१ डिसेंबर १९६१ ला ते गेले. बायर्न पुन्हा जर्मनीचा विजेता झाला तो १९६९ मध्ये. ते पाहायला लांडाउअर नव्हते.

आणि मग क्लब त्यांना जवळजवळ विसरूनच गेला. आठवण ठेवली ती स्टँडमध्ये उभं राहून ओरडणाऱ्या तरुण पोरांनी. शिकेरिया नावाच्या त्यांच्या गटाने लांडाउअर यांच्या नावाने स्पर्धा भरवायला सुरुवात केली, २०१४ मध्ये अख्ख्या स्टँडभर त्यांचं चित्र उभारलं. तोवर क्लबलाही जाग आली होती. २०१३ मध्ये मरणोत्तर मानद अध्यक्षपद, २०१५ मध्ये स्टेडियमबाहेरच्या जागेला नाव आणि २०१९ मध्ये झेबेनर स्ट्रासेवर पुतळा.

मंडळी, परत जायचं की इथेच राहायचं, हा आपल्या दर दिवाळीच्या फराळाबरोबरचा ठरलेला विषय. आपल्यापुढे निदान दोन्ही दारं उघडी आहेत. ज्याला घरातूनच हाकलून दिलं होतं, तो त्याच घरी परतला आणि पुन्हा क्लब उभा करायला लागला. पुढच्या वेळी मुलांना घेऊन मॅचला जाल तेव्हा त्या पाटीपाशी दोन मिनिटं थांबा आणि त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

शुभ दीपावली!