अब्दुल करीम खाँ : मिरजेच्या खाँसाहेबांनी तीन मिनिटांत राग कसा मांडला?

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी उरुसाला गायक-वादक हजेरी लावतात. ही संगीतसभा होते उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ. त्यांच्यासमोर बसून गाणं ऐकलेली पिढी आता उरली नाही. तरीही त्यांचा आवाज आपल्याला ऐकता येतो, तो ध्वनिमुद्रिकांमुळे.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. याच गावावरून किराणा घराणं हे नाव पडलं. काही काळ बडोद्याच्या दरबारात गायल्यानंतर ते महाराष्ट्रात फिरले. प्लेगच्या आजारातून ते मीरासाहेबांच्या दर्ग्यात बरे झाले, अशी आठवण मिरजेत सांगितली जाते. पुढे मिरज हेच त्यांचं घर झालं.

मैफलीत एक राग तासभर रंगायचा. तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. चूक झाली तर तेवढाच तुकडा कापून नवा जोडायची सोय नव्हती. सगळं पुन्हा पहिल्यापासून गावं लागे. सुरुवातीच्या काळात तर मायक्रोफोनही नव्हता. गायकाला मोठ्या कर्ण्यासमोर तोंड नेऊन गावं लागे. त्यामुळे अनेक नामवंत गवई तबकडीपासून लांबच राहिले.

खाँसाहेबांनी मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ध्वनिमुद्रण केलं. १९३० च्या दशकात त्यांनी ओडियन कंपनीसाठी पुन्हा गाणी दिली. तोवर मायक्रोफोन आला होता, त्यामुळे त्यांच्या आवाजातले बारीक कण आणि मिंड नीट टिपली गेली. तीन मिनिटांत सगळा विस्तार कोंबण्याचा अट्टाहास त्यांनी केला नाही. मोजके स्वर घेतले, पण त्यांतून रागाचा स्वभाव उभा केला. श्रुतींचा त्यांचा अभ्यास इथे कामी आला. सांगलीचे कृ. ब. देवल यांच्या श्रुतिसंशोधनाला त्यांनी गाऊन साथ दिली होती.

या तबकड्या दूरवर पोहोचल्या. गदगच्या एका लहान मुलाने त्यांतली झिंझोटीतली ठुमरी ऐकली आणि गाणं शिकायला घर सोडलं, असं सांगतात. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकले.

१९३७ साली दक्षिणेतल्या प्रवासात सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर खाँसाहेबांनी देह ठेवला. त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारातच दफन करण्यात आलं. गुरूसमोर बसायची संधी न मिळालेल्यांसाठी त्या तीन मिनिटांच्या तबकड्याच गुरू ठरल्या.